ओळीचं टोक

हौसेरावने तीच ओळ पुन्हा टाइप केली, एंटरचं बटण दाबलं आणि मान डावीकडच्या खुर्चीकडे वळवली.

"वाच."

खुर्ची करकरली. सुमेधा पुढे झुकली असावी. तिचा आवाज स्क्रीनच्या अगदी जवळून आला.

"तेच आलंय. एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज."

"पुढे. अक्षर अक्षर सांग."

"एल. आय. बी. आय. सी. यू. यू. सी. डॉट. एस. ओ. डॉट." ती थांबली. "सिक्स. वन."

"एकसष्ट."

"हो. मग कॅनॉट ओपन वगैरे. नो सच फाइल."

हौसेरावने दोन्ही हात मांडीवर घेतले. रविवारपासून ही ओळ त्याने किती वेळा ऐकली होती कोण जाणे. आज मंगळवार. सानपाड्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळचे अकरा वाजले होते, पंखा फिरत होता, खाली कुणीतरी कचऱ्याची गाडी मागे घेत होतं, आणि टेबलावरचा कॉम्प्युटर चालू असूनही मुका होता.

"खरंच एकसष्ट ना?"

"अरे, किती वेळा विचारशील? लाइट लावते थांब, या खोलीत अंधारच असतो."

बटणाचा आवाज झाला. ती पुन्हा खुर्चीत बसली.

"सिक्स वन," ती म्हणाली.

हौसेराव सात वर्षांचा असताना गोवराच्या तापात त्याचे डोळे गेले. वडील माथाडी कामगार, तुर्भ्याच्या बाजारात कांद्याची पोती वाहायचे. त्यांनी पोराला साताऱ्याकडच्या गावातून आणून मुंबईच्या अंधशाळेत घातलं. तिथे तो टायपिंग शिकला आणि त्यावरच उभा राहिला. गेली बारा वर्षं तो बेलापूरच्या एका वकिलांच्या ऑफिससाठी काम करत होता. रेकॉर्ड केलेले जबाब, साक्षी, बैठका तिथून यायच्या. तो त्या ऐकून मराठीत टाइप करून द्यायचा. ऑफिसात त्याच्या कानांचा दबदबा होता. चार माणसं एकदम बोलली तरी कोण काय म्हणालं ते तो वेगळं करून लिहायचा.

टाइप केलेलं त्याला वाचून दाखवायचा तो ‘वाचा’ नावाचा प्रोग्राम. तळमजल्यावरच्या प्रसादने तो कॉलेजात असताना खास त्याच्यासाठी लिहिला होता. बाकीचे प्रोग्राम मराठी वाचायचे, पण शब्द चावून टाकायचे. ‘वाचा’ मात्र अडखळला की नीट फोड करून सांगायचा, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पायमोडका त. कॉम्प्युटरवर येणारं बहुतेक सगळं तोच बोलायचा. प्रसादचं लग्न झालं, तो खारघरला राहायला गेला, पण ‘वाचा’ राहिला.

रविवारी दुपारी स्क्रीनवर एक चौकट उघडली. अशा काही चौकटी ‘वाचा’ला दिसत नसत. त्या आल्या की हौसेराव बायकोला हाक मारायचा.

"काय म्हणतंय?"

"अपडेट आलंय म्हणतंय. हो करू?"

"अपडेटच ना?"

"हो रे."

"कर मग."

अपडेट दहा मिनिटांत व्हायचं. हे अडीच तास चाललं. मध्ये दोनदा कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. त्यानंतर हौसेरावने नेहमीची बटणं दाबली आणि वाट पाहिली. काहीही बोललं गेलं नाही.

बिघाड काय आहे ते त्याला समजत होतं. ‘वाचा’ सगळी कामं स्वतः करत नसे. काही कामं दुसऱ्या फायलींकडून करून घ्यायचा. त्या फायली सगळ्या प्रोग्रामांत सामाईक असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. प्रत्येकीच्या नावापुढे एक आकडा असतो आणि प्रोग्रामला नेमक्या त्याच आकड्याची लायब्ररी लागते. अपडेटने जुन्या फायली काढून टाकल्या होत्या, नव्या आकड्याच्या आणल्या होत्या. ‘वाचा’ दारात उभा राहून जुनीच मागत होता.

"मग ती जुनी आणून ठेवायची," सुमेधा सोमवारी म्हणाली होती.

"तेच करतोय."

त्यासाठी त्याला स्क्रीन दिसणं भाग होतं, आणि स्क्रीन आता सुमेधा होती. तो आठवणीतून आज्ञा टाइप करायचा, ती उत्तर वाचायची. अक्षर बारीक आहे म्हणाली म्हणून त्याने अक्षरं वाढवून ठेवली होती, मग आणखी वाढवली. एकसष्ट आकड्याची फाइल त्याने सगळ्या कप्प्यांत शोधली. ती मिळाली नाही. बहात्तर आकड्याची मिळाली. इंटरनेटवरच्या जुन्या साठ्यात एकसष्टची एक होती, ती त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हती, बसवून घेईना. शेवटी त्याने नव्या फायलीलाच एकसष्ट असं दुसरं नाव दिलं. चालली तर चालली. नाही चालली तर निदान तक्रार तरी वेगळी येईल, असा त्याचा हिशोब होता.

तक्रार तीच आली. आता अकरा वाजता त्याने दुसऱ्यांदा करून पाहिलं तरी तीच.

"हे असं होऊ शकत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"जे मागतोय ते समोर ठेवलं. तरी म्हणतोय, मिळालं नाही. मिळालं पण नको, असं म्हणाला असता तर कळलं असतं."

सुमेधाच्या बांगड्या किणकिणल्या, ती पुन्हा स्क्रीनकडे झुकली असावी.

"फोटो काढून प्रसादला पाठव बरं या स्क्रीनचा."

"फोटो कशाला? मी वाचते ना."

तिच्या आवाजाला धार आली होती. हौसेरावने हट्ट सोडला. सुमेधाला वाचून दाखवण्याचा अभिमान होता आणि तो तिला शोभायचा. बी.ए.च्या परीक्षेला ती त्याची लेखनिक होती. प्रश्नपत्रिका वाचायची, तो सांगेल ते लिहायची. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या पेपरला तिने प्रश्न वाचून संपवले आणि त्याच आवाजात विचारलं होतं, आता पुढे कोण वाचणार तुला? लग्न झाल्यावर चिपळूणला तिच्या घरचं दोन वर्षं कुणी तिच्याशी बोललं नाही. तीस वर्षं झाली त्याला.

दुपारी वकिलांच्या ऑफिसातून श्रुतीचा फोन आला. कामं वाटून देणं तिच्याकडे होतं.

"काका, गंगाराम पाटलांचा जबाब कुठपर्यंत आला?"

"अर्धा झालाय. मशीन बंद पडलंय जरा. उद्या देतो."

"शुक्रवारी दाखल करायचाय. साहेब विचारतायत सारखं."

"देतो ना."

गंगाराम हे खाडीकाठच्या गावातले म्हातारे. बांधावरच्या वहिवाटीच्या रस्त्याचा दावा होता आणि तो रस्ता कुणी कधी अडवला होता का, हे सांगणारा जुना माणूस तेवढाच उरला होता. बोलणं आगरी, दात नाहीत, मध्ये मध्ये दम लागायचा. श्रुतीने आधी ते रेकॉर्डिंग आवाजावरून आपोआप लिहिणाऱ्या एका प्रोग्रामला देऊन पाहिलं होतं. अर्ध्या पानाचा नुसता काला झाला, असं तीच हसत म्हणाली होती. म्हणून ते हौसेरावकडे आलं. त्याला आगरी लहानपणापासून कानावर होती. सुट्टीत बाजारात वडिलांसोबत बसला की आगरी बायका टोपल्या घेऊन शेजारीच असायच्या.

बुधवारी वाशीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सगळं उडवून विंडोज टाकून देतो काका, एक तासाचं काम." ‘वाचा’चं काय, विचारल्यावर म्हणाला, "त्याची सीडी असेल ना?" हौसेरावने फोन ठेवला. प्रसादला रविवारपासून लावत होता. तो सासुरवाडीला होता, सिंधुदुर्गातल्या कुठल्या तरी वाडीत, तिथे रेंज नव्हती. हौसेराव दिवसभर खुर्चीत बसून राहिला. गंगाराम पाटलांचं रेकॉर्डिंग छोट्या यंत्रात होतं, ते त्याने तीनदा ऐकलं. ऐकता येत होतं, टाइपही करता येत होतं. काय टाइप झालं ते मात्र कळणार नव्हतं. एका वेलांटीने सबंध साक्ष फिरते, हे त्याला बारा वर्षांत पुरतं ठाऊक झालं होतं.

"मी तपासते की टाइप केलेलं," सुमेधा म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण लांब आहे ना खूप."

"राहू दे."

गुरुवारी सकाळी साडेनऊला प्रसादचा फोन आला. सुमेधाने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"काका, सॉरी. आत्ता रत्नागिरी सोडली, तेव्हा तुमचे सतरा मिस्ड कॉल दिसले. काय झालं?"

हौसेरावने सगळं सांगितलं.

"पण अख्खी सिस्टिम अपग्रेड कशाला केलीत? अपडेट चालतं. अपग्रेडला मला विचारायचं असं आपलं ठरलं होतं ना?"

"अपडेटच केलं मी."

"नाही काका. बहात्तर आलंय म्हणजे अपग्रेडच झालंय. जाऊ दे. टेन्शन नका घेऊ. ‘वाचा’चा मूळ कोड आता माझ्याकडे नाही. कॉलेजच्या मशीनवर होता, ती मशीन भंगारात गेली. त्यामुळे नव्यावर पुन्हा बांधून देता नाही येणार. त्याला जुनी लायब्ररीच शोधून द्यावी लागेल. नेमकं काय मागतोय तो?"

"एकसष्ट. त्याच नावाची लिंक करून दिली, तरी तेच म्हणतोय."

"असं कसं होईल?" प्रसाद म्हणाला. "काकू, एक काम करा. स्क्रीनचा फोटो काढून टाका मला."

हौसेरावला वाटलं, ती पुन्हा म्हणेल, मी वाचते ना. पण नुसता मोबाइल उचलल्याचा आवाज आला, फोटोचा खट्ट आवाज आला.

"काकू, अर्धाच आलाय. उजवीकडचं कापलं गेलंय."

पुन्हा खट्ट.

"अजून थोडं. उजवी बाजू येतच नाहीये. मागे सरा जरा आणि मोबाइल आडवा धरा."

खुर्ची मागे सरकली. तिसरा फोटो गेला. फोनमधून गाडीच्या टायरचा घरघराट ऐकू येत होता. प्रसादच्या जवळच एक लहान मूल बडबडत होतं.

"हां, आता आलं. पण काका, एकसष्ट कुठून काढलंत तुम्ही? इथे सदुसष्ट आहे. सिक्स सेव्हन. स्वच्छ दिसतंय, केवढं मोठं अक्षर आहे."

सुमेधाच्या बांगड्या एरवी सतत किणकिणायच्या, त्या हलत नव्हत्या.

"माझी चूक," हौसेराव म्हणाला. "सुमेधाने सेव्हनच सांगितलं असणार. मी वन ऐकलं."

"तुम्ही?" प्रसाद हसला. "तुम्ही चुकीचं ऐकलंत? मग संपलंच सगळं."

"वय झालं बाबा कानांचं."

"चला, सोपं झालं मग. सदुसष्ट तुमच्या जुन्या सिस्टिममधलीच आहे, साठ्यात पडलेली असणार. तिच्याबरोबर आणखी एक लागेल. मी आज्ञा सांगतो, तुम्ही टाइप करा. आणि ती लिंक काढून टाका, नुसतं नाव बदलून नसतं चालत."

प्रसादने सांगितलं, हौसेरावने टाइप केलं. पंधरा मिनिटं लागली. या वेळी मध्ये कुणी काही वाचलं नाही. तो एकेक आज्ञा द्यायचा, शंभरपर्यंत अंक मोजायचा आणि पुढची द्यायचा. शेवटची ओळ टाकून त्याने एंटर दाबलं.

स्पीकरमधून खर्र झालं. मग जाड, नाकातला, कुठलाही चढउतार नसलेला आवाज आला.

"वाचा सुरू."

"बोलला?" प्रसाद ओरडला.

"बोलला."

"भारी! काकू, आता काकांना चहा द्या." फोन बंद झाला.

सुमेधा उठली. ती दारात क्षणभर थांबली, तिची चाहूल तिथेच होती. तिला काहीतरी बोलायचं आहे असं त्याला वाटलं. मग पावलं स्वयंपाकघराकडे गेली. चार दिवसांनी आवाज परत आला होता.

हौसेरावने आधी बेलापूरला फोन लावला.

"श्रुती, मशीन सुरू झालं. संध्याकाळपर्यंत गंगारामांचा जबाब पूर्ण करून पाठवतो."

"अहो काका, मी तुम्हाला फोन करणारच होते. तो झाला काल."

"कसा?"

"तो आपोआप लिहिणारा प्रोग्राम आहे ना, त्याची नवी आवृत्ती आली. साहेब म्हणाले, करून बघा. खूपच बरं आलंय हो. दोन-चार ठिकाणी आम्हीच नीट केलं."

"आगरी कळलं त्याला?"

"कळलं बहुतेक. हे बघा, वाचते. ‘आम्ही त्याच बांधावरून जायचो, कोणी कधी हरवला नाही.’"

हौसेराव पुढे सरसावला. "हरवला नाही, पोरी. ‘अरवला’ म्हणालेत ते. ‘आमी त्याच बांधावरशी जावाचो, कोनी कदी अरवला नाय.’ अरवला म्हणजे अडवला. सगळा दावा त्या एका शब्दावर आहे."

"हो का? बघते मी. सांगते साहेबांना." पाठीमागून कुणीतरी तिला हाक मारली. "आणि काका, पुढच्या महिन्यापासून साहेब म्हणतायत सगळं त्याच्यावरच करून बघू. तुम्हाला मी कळवतेच. काही अडलं तर पाठवूच."

"शब्द लिहून घेतलास का?"

"हो हो. अडवला. ठेवते काका."

फोन ठेवल्यावर हौसेराव बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसला. मशीन बोलत होतं आणि त्याच्यापाशी टाइप करायला काही नव्हतं. बोटांना सवय होती म्हणून त्यांनी एक बटण दाबलं. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतली शेवटची ओळ ‘वाचा’ने वाचली. आणखी एकदा दाबलं, त्याच्या वरची ओळ आली.

रविवारपासून त्याने ती खिडकी बंद केली नव्हती. चार दिवसांत टाइप केलेली प्रत्येक आज्ञा आणि तिच्यावर आलेलं प्रत्येक उत्तर तिच्यात तसंच साठलेलं होतं. त्याने स्पीकर बंद केले, हेडफोन कानाला लावले आणि वर वर जाऊ लागला.

सदुसष्ट. सदुसष्ट. सदुसष्ट. मंगळवारी सकाळी अकराला सदुसष्ट, सोमवारी संध्याकाळी सदुसष्ट. सात आणि एक सारखे दिसतात हे त्याने ऐकलं होतं. एखाद्याची चूक होऊ शकते, असं तो स्वतःला सांगत होता. मग एक लांब ओळ आली. ‘वाचा’ ती सरळ वाचत गेला. हौसेरावला सुमेधाने ती कशी वाचली होती ते आठवलं. तो काही विसरत नसे, त्याचं कामच ते होतं. सुरुवातीचे सहा शब्द तंतोतंत जुळत होते. शेवटचे तीन नव्हते. स्क्रीनवर लिहिलं होतं की ही फाइल ठेवायला परवानगी नाही. सुमेधाने वाचलं होतं, फाइल ठेवली.

तो आणखी वर गेला. पुढची ओळ, तिच्यावरची, तिच्याही वरची. प्रत्येक ओळीची सुरुवात बरोबर होती. ओळ जसजशी उजवीकडे जाई तसे तिचे शब्द ढिले पडत. टोकाला पोचेपर्यंत ती वाचत नव्हती, रचत होती. जे असावंसं वाटेल ते म्हणत होती. आणि म्हणताना आवाज जरासुद्धा हलत नव्हता. तीस वर्षं वाचून दाखवलेला तो आवाज, त्याच्यात काही खोट असेल असं त्याच्या मनातही आलं नसतं.

त्या रविवारच्या चौकटीतसुद्धा तेच झालं असेल. अप पर्यंत ती पोचली असेल, पुढचं तिने पुरं केलं असेल.

हौसेरावने बटण दाबायचं थांबवलं. आता दुसऱ्याच गोष्टी आपोआप वर येत होत्या. गेल्या वर्षी जूनमध्ये तिने शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडली, निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. पोरांचा गोंगाट सहन होत नाही म्हणाली. तो म्हणाला होता, बरं केलंस. त्यानंतर केव्हातरी तिने सकाळचा पेपर वाचून दाखवताना अग्रलेख सोडून द्यायला सुरुवात केली, हल्ली काही दम नसतो म्हणे त्यांच्यात. मुला-सुनेकडे पुण्याला जायचं तर दिवसाच निघायचं. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी एक बोटाएवढी बाटली असायची. एकदा हाताला लागली तेव्हा त्याने विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, ॲलर्जीचे थेंब.

प्रत्येक वेळी तो हो म्हणाला होता. ऐकलं सगळं होतं.

स्वयंपाकघरात नळ बंद झाला. हौसेरावने हेडफोन काढून ठेवले आणि हाक मारली.

"सुमेधा, जरा ये."

ती आली. "बंद पडलं का पुन्हा?"

"नाही. बस."

ती खुर्चीत बसली. खुर्ची अजून प्रसादने सांगितलं होतं तिथेच मागे होती, त्यामुळे तिचा आवाज आज दुरून येत होता.

"मी म्हणत होतो, एकदा कान दाखवून घ्यावेत. सात ऐकायचं ते एक ऐकलं म्हणजे काहीतरी गडबड आहे."

त्याने हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली.

"वाशीला त्या चौकात मोठं हॉस्पिटल झालंय ना, तिथे सगळेच डॉक्टर बसतात म्हणे. जाऊ उद्या. आता तसंही काम नाही मला." तो हसायचा प्रयत्न करत पुढे म्हणाला, "आणि जातोच आहोत तर तूही डोळे दाखवून घे. किती वर्षं झाली तुझ्या चष्म्याला? नंबर बदलला असेल. आमच्या शाळेतल्या कुलकर्णी बाईंचं असंच झालं होतं. चष्मा बदलला आणि सगळं स्वच्छ दिसायला लागलं."

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की तो भराभर बोलतोय. तो थांबला. बाहेर गॅलरीच्या जाळीवर कबुतर फडफडलं आणि उडून गेलं.

"तुझे कान चांगले आहेत," सुमेधा म्हणाली.

हौसेरावने मान तिच्याकडे वळवली.

"आणि माझे डोळे दाखवून झालेत."

"कधी?"

"शाळा सोडली त्याच्या आधी. दोन ठिकाणी दाखवले."

"मग? चष्मा बदलून..."

"चष्म्याचं काम नाही म्हणाले." ती अगदी सावकाश बोलत होती, परीक्षेत प्रश्न वाचायची तशी, एकेक शब्द वेगळा करून. "काचबिंदू आहे. कडेकडेने जातं. गेलेलं येत नाही. थेंब आहेत ते उरलंय तेवढं धरून ठेवायला. तेही धरतीलच असं नाही."

त्याला पुष्कळ काही विचारायचं होतं. किती उरलंय, किती वर्षं, मला का नाही सांगितलंस. त्याने हात पुढे केला. टेबलाच्या कडेला तिचा हात होता, तो थंड होता, नुकताच भांडी धुवून आल्यासारखा ओला. त्याने तो धरला. तिने धरू दिला. मग थोड्या वेळाने सोडवून घेतला.

"चहा टाकते," ती म्हणाली. "मघाशी राहिलाच."

ती उठली. हौसेराव कान देऊन ऐकत होता. चार पावलं नेहमीसारखी पडली. पाचव्याच्या आधी तिचा हात दाराच्या चौकटीला लागला. तो धडकला नव्हता, शोधत आला होता. आधी बोटांची टोकं, मग तळवा, मग लाकडावरून हलकेच खाली घसरणं, आणि मगच पाऊल उंबऱ्यापलीकडे. हा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. आयुष्यभर तो स्वतः प्रत्येक दारातून असाच गेला होता.